टकलीच्या माळावर सावली

"प्रची, माझ्या पोटाखाली कायतरी वळवळतंय."

"गप पड."

"आगं खरंच वळवळतंय. आणि मला काय तुझ्यासारखी पाखरांची हौस न्हाय. मी मॅडमच्या पोह्यांसाठी आलीया."

गौसिया मुलाणी आणि मी टकलीच्या माळावर पालथ्या पडलो होतो. हनुवटी जमिनीला टेकलेली, नाकात धूळ, कोपरांना खडे टोचत होते. आमच्या पुढे इनामदार मॅडम, आमच्या विज्ञानाच्या बाई, साडीवर मुलांचा फुलशर्ट घालून तशाच पालथ्या. त्यांनी न वळता एक हात वर केला. म्हणजे हलू नका.

मग मला तो दिसला. आधी नुसते पाय, पांढुरके आणि काडीसारखे. मग वरचं अंग, भाजलेल्या विटेच्या रंगाचं. डोळ्यावरून काळी पट्टी आणि तिच्या वर पांढरी भुवई, कुणीतरी बसून ब्रशने काढावी अशी. तो तुरुतुरु धावला, थांबला, ताठ उभा राहून इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा धावला. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत गायब झाला. म्हणजे खाली बसला. बसला की माळ आणि तो एकच.

"धाविक," मॅडम कुजबुजल्या. "मादी अंड्यांवर बसलीय. प्रचिती, तू शोधलीस गं जागा! मी इतकी वर्षं फिरतेय, मला एकदाही सापडली नव्हती."

ती जागा मीच शोधली होती, आदल्या रविवारी. तेव्हा मी नववीत होते आणि मला वाटायचं, माझ्यासारखी मुलगी आख्ख्या माण तालुक्यात नाही. खोटं कशाला बोलू, आता बारावीत आहे तरी अधूनमधून वाटतं.

सातवीपर्यंत मात्र मी वर्गात हजेरीला 'हजर' म्हणतानाही घाबरायचे. माझं तोंड उघडलं ते आईने. ती रोज संध्याकाळी मला ओट्यावर उभी करून पेपर मोठ्याने वाचायला लावायची. येणारेजाणारे हसायचे. आई म्हणायची, "हसू दे. आवाज खाली गेला तर पुन्हा पहिल्यापासून." त्याच काळात आमच्या गावाचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि पप्पांनी आईला उभं केलं. सगळ्यांना वाटलं होतं, बाई सही करेल आणि कारभार पप्पा बघतील. पप्पांनाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच बैठकीत आईने कागदावरचं पेन बाजूला सरकवलं. म्हणाली, "वाचल्याशिवाय मी सही करत नाही." आणि सगळ्यांना ताटकळत ठेवून शेवटपर्यंत वाचला. त्या दिवशी पप्पा न जेवता झोपले. मी मात्र ओट्यावर जाऊन अग्रलेख असा काही वाचला की समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन कोण गेलं म्हणून विचारायला लागली.

तर इनामदार मॅडमनी रविवारी माळावर पक्षी बघायला कोण येणार असं विचारलं, तेव्हा पहिला हात माझा होता. नावसुद्धा मीच ठेवलं, 'माळसोबती'. सुरुवातीला पोहे मिळतात म्हणून आख्खा वर्ग आला. मग पोहे मिळत असूनही आम्ही दोघीच उरलो.

"आता नीट ऐका," परत उतरताना मॅडम म्हणाल्या. "ही जागा कुणाला सांगायची नाही. तिथे दगडसुद्धा खूण म्हणून ठेवायचा नाही. आणि अंड्यांना हात लावायचा तर विचारच नको."

"पण मॅडम, घरटं कुठाय?" गौसियाने विचारलं. "नुसती भुईवर अंडी? सुगरणीकडं शिकवणीला पाठवा की तिला."

"तिला घरटं नकोच असतं. झाड नको, झुडूप नको. चारी बाजूंनी लांबपर्यंत दिसणारी मोकळी जमीन, एवढंच हवं. कोल्हा दिसला, कुत्रं दिसलं की ती गुपचूप उठून जाते आणि अंडी खड्यांत खडे होऊन पडून राहतात. आडोसा आला की तिचा जीव गेलाच समजा."

"म्हणजे आपला हा टकला माळ..."

"टकला आहे म्हणून तर ती इथे आहे."

हे वाक्य मी त्या आठवड्यात निदान पन्नास जणांना ऐकवलं. जागा सांगितली नाही, पण वाक्य ऐकवलं.

आणि त्याच आठवड्यात आईने जेवताना सांगितलं, "यंदा टकलीचा माळ हिरवा करायचाय. मंजुरी आली."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

आई पाटणकडची. तिच्या माहेरी अंगणातून डोंगर चढायला लागतो आणि चार महिने भिंतींनासुद्धा शेवाळ असतं. लग्न होऊन ती इकडे दुष्काळी भागात आली तेव्हा एसटीतून तिला पहिल्यांदा दिसला तो टकलीचा माळ. तिने शेजारच्या बाईला विचारलं, हे काय जळलंय का? बाई म्हणाली, न्हाई, असंच असतंय. आई म्हणते, मी तोंडाला पदर लावून रडले होते, आणि तेव्हाच ठरवलं होतं, मरायच्या आधी ह्या टकलीला केस आणीन.

"आई, तिथे झाडं नाही लावायची."

"काय?"

"माळ म्हणजे पडीक जमीन नसते गं. तिथे धाविक आहे, चंडोल आहेत. त्यांना उघडी जमीनच लागते. झाडं लावली की ते जातात."

आईने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी भाकरीकडे बघितलं.

"तू पर्यावरणवाली ना?" आई म्हणाली. "सगळीकडे भिंतीवर लिहितात झाडे लावा, झाडे जगवा. आणि माझी मुलगी म्हणतेय लावू नका. बबनतात्यांनी शिकवून पाठवलं का तुला?"

बबनतात्या म्हणजे उपसरपंच. आई वाचून सही करायला लागल्यापासून त्यांचं पोट बिघडलं होतं. ते अविश्वास ठराव आणायच्या तयारीत आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणखी एक सदस्य त्यांच्याकडे सरकला की आई खाली आणि तात्या खुर्चीवर. त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं. आईला हवा होता एक मोठा, डोळ्यांत भरेल असा कार्यक्रम. वृक्षारोपणाला तालुक्याचे साहेब येणार होते.

"मग ग्रामसभेत बोल," आई म्हणाली. "घरात माझ्याशी भांडू नकोस. जे सांगायचंय ते सगळ्यांसमोर उभं राहून सांग. तुला कशाला शिकवलंय?"

माझी आई अशी होती. मला ती केवढी आवडली त्या वेळी!

मी बोलले. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, पंखा बंद, पुढे सगळे पुरुष आणि मागे भिंतीला टेकून बायका. मी धाविकाचे पाय, पट्टी, भुवई सगळं सांगितलं. टकला आहे म्हणून ती इथे आहे, हे वाक्य असं फेकलं की मागच्या दोन पोरींनी टाळ्या वाजवल्या.

"वहिनी," बबनतात्या पाय पसरून म्हणाले, "आता पाखरांचंबी रेशनकार्ड काढायचं का?"

हॉल हसला.

"काढू की," आई म्हणाली. "तुमच्या घरात मेलेल्या माणसांची चालतात, तर जिवंत पाखरांनी काय घोडं मारलंय?"

आता हॉल दुप्पट हसला. तात्यांनी पाय आखडून घेतले. आई उभी राहिली आणि म्हणाली, "प्रचितीचं मला पटलंय. वडाच्या ओढ्याकडची उतरण आहे, झाडं तिकडे लावू. माळाची उगवतीची बाजू मोकळी राहील. पाखरांच्या जागेची जबाबदारी माझी. मी शब्द देते."

घरी येताना मी उड्या मारत होते. गौसिया म्हणाली, "आता हिला निवडणुकीला उभी करा, न्हायतर ही आपल्याला झोपू द्यायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मला दाखव तरी. जिच्यासाठी मी तात्यांशी भांडले ती आहे तरी कशी."

कुणाला सांगायचं नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण आई म्हणजे 'कुणी' नव्हे. मॅडम त्या वेळी प्रशिक्षणाला साताऱ्याला गेल्या होत्या, नाहीतर विचारलंही असतं. शाळा सुटल्यावर मी आईला घेऊन गेले. ऊन रणरणत होतं. जूनचा शेवट आला तरी आमच्याकडे आभाळ कोरडंच असतं. लांबूनच, मॅडम जाताना माझ्याकडे ठेवून गेलेली दुर्बीण आईच्या डोळ्यांना लावून दिली. आधी तिला काहीच दिसेना. मग तिने दुर्बीण डोळ्यांशी आणखी घट्ट धरली.

मादी बसलेली नव्हती, उभी होती. अंड्यांवर पाय फाकून, पंख अर्धे सोडून, चोच उघडी. तिची सावली बरोबर अंड्यांवर पडत होती.

"ही अशी का उभी आहे?"

"ऊन लागू नये म्हणून. अंडी तापली तर मरतात ना."

"दिवसभर?"

"नर येतो मधून बदलीला."

आईने दुर्बीण खाली घेतली नाही. "तू तान्ही होतीस," ती म्हणाली, "तेव्हा टँकरच्या रांगेत मी अशीच उभी राहायचे. तुझ्यावर पदर धरून. एकदा चक्कर येऊन पडले, तर बायकांनी आधी माझी कळशी पुढे सरकवली आणि मग मला उचललं. नंबर जाऊ नये म्हणून." ती थोडी हसली. "इथे एक झाड असतं ना, तर एवढे हाल झाले नसते बिचारीचे."

"आई, तिला झाड नको असतं. तिला असंच लागतं."

"तिला कुणी विचारलंय का?" आई म्हणाली.

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी रात्री गौसियाला फोन करून सांगितलं. आई किती भारी बोलते बघ, म्हणून.

कार्यक्रम रविवारचा होता. आई म्हणाली, "रविवारपर्यंत माळावर फिरकू नकोस. माझं तिथे एक काम चाललंय. तुझ्यासाठी आहे." आणि तिने डोळे असे मिचकावले की मी मुकाट्याने मान डोलावली. मला वाटलं, ओढ्याकडे माझ्या नावाचं झाड लावत असेल. मला दुसरंही काम होतं. आभाराचं भाषण माझ्याकडे होतं आणि ते मी आरशासमोर, गोठ्यात, गौसियाच्या शेळ्यांसमोर, सगळीकडे म्हणून बघत होते.

रविवारी सकाळी मी गणवेश इस्त्री करून, दोन वेण्या घालून माळावर पोहोचले. मांडव ओढ्याकडेच होता. खड्डे ओढ्याकडेच होते. आईने शब्द पाळला होता. मी खूश. रोपं ओळीने मांडली होती, स्पीकर चाचणी घेत होता, हॅलो हॅलो. इनामदार मॅडम प्रशिक्षणाहून थेट आल्या होत्या.

"प्रचिती!" आई मांडवातून धावत आली. तिने हिरवी पैठणी नेसली होती, पाटणहून मामाने पाठवलेली. "साहेब यायच्या आत बघून घे. ये. मॅडम, तुम्हीपण या."

तिने माझा हात धरला. आम्ही उगवतीच्या बाजूला चालायला लागलो. पुढे आई, हात ओढत, लहान मुलीसारखी. चढ चढून वर आलो.

माळावर एक कुंपण होतं.

लोखंडी अँगल, त्याला जाळी, निळा रंग दिलेला. आत मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून जमीन गुळगुळीत केली होती. मध्ये कडुनिंब होता. छोटं रोप नव्हे, चांगला डोक्याएवढा, कुठल्यातरी रोपवाटिकेतून मातीच्या गड्ड्यासकट आणलेला. त्याच्या बुंध्याशी सिमेंटचा हौद, हौदात पाणी. सगळीकडे बाजरी पसरलेली. बाजरीवर कावळे आणि साळुंक्या तुटून पडल्या होत्या. फाटकावर बोर्ड होता, 'पक्षी संरक्षण क्षेत्र'. खाली 'संकल्पना: कु. प्रचिती'.

"बाकी एक झाड लावलं नाही हो ह्या बाजूला," आई मॅडमना म्हणाली. "फक्त एवढं एक. तिच्या डोक्यावर सावली पाहिजे ना. आमच्या पाटणला पाखराला कुणी असं उन्हात ठेवणार नाही."

माझ्या तोंडून आवाज निघाला. "अंडी?"

आईचा चेहरा आणखी उजळला. "ती मी माझ्या हाताने ठेवलीत. गड्यांना हात लावू दिला नाही." तिने फाटक उघडलं. कावळे उडाले. कडुनिंबाच्या खालच्या फांदीला वेताची छोटी टोपली टांगलेली होती. आत सरकीचा पांढराशुभ्र कापूस, पिंजून, गादीसारखा पसरलेला. बाळंतविड्याला करतात तसा.

कापसात एक अंडं होतं. मातीच्या रंगाचं, काळे डाग असलेलं, पांढऱ्यावर ते कुठूनही दिसलं असतं. दुसऱ्याचं टरफल होतं, आणि कापूस एका बाजूला पिवळा होऊन वाळला होता.

"अगंबाई," आई म्हणाली. "हे फुटलं का? पिल्लू निघालं वाटतं!"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम जमिनीकडे बघत होत्या, जिथे अंडी होती त्या ठिकाणी. तिथे आता हौद होता.

मी अंड्याला बोट लावलं. गार होतं.

"मॅडम, हे परत खाली ठेवलं तर?"

"कुठे ठेवणार?" मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि कुणासाठी?"

मी चौफेर बघितलं. माळ तोच होता. तुरुतुरु धावणारं काही दिसत नव्हतं. नुसते कावळे जाळीवर येऊन बसत होते, आम्ही कधी जातोय याची वाट बघत.

"आवडलं ना?" आई म्हणाली. "बोल की. एरवी तोंड बंद नसतं तुझं."

तेवढ्यात खालून साहेबांच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि आई पैठणी सावरत पळाली.

"मॅडम, मी सांगणार आहे," मी म्हणाले. "स्टेजवर. सगळ्यांसमोर. हे सगळं काढून टाकायला सांगणार. पुन्हा अंडी घालतील ना ते? जागा मोकळी केली तर घालतील ना?"

"घालतीलही." मॅडमनी माझ्या वेणीवर हात ठेवला. "पण आज नको. आज जाऊ दे, प्रचिती."

"तुम्हीच म्हणाला होता, आडोसा आला की..."

"हो. मीच म्हणाले होते," असं म्हणून मॅडम खाली उतरायला लागल्या. त्यांची बदली ग्रामपंचायतीच्या हातात नव्हती, पण त्या गावात एकट्या राहत होत्या आणि घर बबनतात्यांच्या भावाचं होतं; त्या काही बोलल्या असत्या तर तात्यांनीच शिकवलं असं गाव म्हणालं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा नुसता राग आला.

कार्यक्रम छान झाला, सगळे तसंच म्हणतात. साहेबांनी झाड लावलं. मग त्यांना उगवतीच्या बाजूला नेलं, त्यांनी फाटकाची फीत कापली आणि टोपलीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. म्हणाले, "आख्ख्या तालुक्यात अशी कल्पना कुणाला सुचली नाही." आईला शाल दिली, श्रीफळ दिलं. आई बोलली तीन-चार वाक्यंच, पण एकदाही अडली नाही. लग्न होऊन आल्यावर हा माळ बघून मी रडले होते, असं म्हणाली, तेव्हा मागच्या बायकांमध्ये पदर डोळ्यांना लागले. पहिल्या रांगेत बबनतात्या हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या बाजूचे दोन सदस्य टाळ्या वाजवत होते. तात्यांकडे न बघता वाजवत होते.

मग माझं नाव पुकारलं.

मी माईक धरला. समोर आख्खं गाव. कडेला गौसिया, तिला मी खाली उतरल्यावर सगळं सांगितलं होतं. तिने ओठ दाबून मान हलवली. सांग, सांग.

"व्यासपीठावरील मान्यवर," मी म्हणाले, "आणि माझ्या गावकऱ्यांनो. धाविक हा पक्षी झाडाखाली राहत नाही."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"त्याला सावली नको असते. त्याची अंडी हलवली तर तो परत..."

"ऐका, ऐका!" बबनतात्या उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं खूश कधीच बघितलं नव्हतं. "सायेब, ऐका जरा. सरपंचबाईंची पोरगीच सांगतीया. बोल बाळा, बोल. भिऊ नकोस. काय झालं त्या अंड्यांचं? ग्रामपंचायतीनं एवढा खर्च केला तो कशापायी? समद्यांना कळू दे." आणि ते मागे वळून आपल्या सदस्यांना म्हणाले, "बघा, घरचंच पोर बोलतंय."

ज्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्या होत्या ते दोघे तात्यांकडे बघायला लागले.

मी आईकडे बघितलं. तिला काही कळलेलं नव्हतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, मांडीवर श्रीफळ, आणि तिचे ओठ हलत होते. मी ओट्यावर वाचायचे तेव्हा हलायचे तसेच, पुढचा शब्द मला अडू नये म्हणून. माझं भाषण तिला पाठ होतं. मी जे बोलत होते ते त्यात नव्हतं, तरी ती ओठ हलवत होती, शोधत होती मी कुठे आहे ते.

माईकमधून माझाच श्वास ऐकू येत होता.

"बाळा, बोल की," तात्या म्हणाले.

"तो परत येत नाही," मी म्हणाले, "असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आमचं गाव बघितलेलं नाही. आमच्या सरपंचांनी उन्हात उभ्या राहिलेल्या एका पाखराला सावली दिली. आत्ताच आम्ही बघून आलो, एका अंड्यातून पिल्लू बाहेर पडलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी वाकून आईला काहीतरी म्हटलं, ती लाजली. तात्या उभेच होते. मग कुणीतरी मागून ओरडलं, "बसा की तात्या, दिसंना!" आणि ते बसले.

पुढचं भाषण मी पाठ केलं होतं तसंच म्हटलं. आवाज एकदाही खाली गेला नाही. मी गौसियाकडे बघायचं टाळलं, तरी ती मांडवाच्या कनातीखालून वाकून निघून जाताना दिसलीच.

अविश्वास ठराव आला नाही. झाडं जगली, अगदी उगवतीचा कडुनिंबसुद्धा. आईने टँकर लावून जगवला. पुढच्या वर्षी लोकच म्हणायला लागले की एवढं जगतंय तर सगळ्याच माळावर लावू. आता एसटीतून आमचं गाव हिरवं दिसतं आणि टकलीचा माळ म्हटलं की नवीन सुना विचारतात, कुठला? गौसिया माझ्याशी बोलते, पण पक्ष्यांबद्दल नाही. माळसोबतीचे रविवार बंद पडले. मॅडम 'पोर्शन राहिलाय' म्हणाल्या.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मांडव उतरला, साहेब गेले, पप्पा खुर्च्या टेम्पोत भरायला थांबले. आई आणि मी पायी घरी निघालो. आईने चपला हातात घेतल्या होत्या, पैठणी जरा वर खोचली होती. ती पावलं ओढत चालत होती. मला वाटलं दमली असेल.

"पिल्लू निघालं नव्हतं ना?" ती म्हणाली.

मी चालत राहिले.

"तू मघाशी 'अंडी हलवली तर' म्हणालीस तेव्हा नाही कळलं. नंतर कळलं. मॅडमचं तोंड बघून."

"कावळ्यांनी खाल्लं," मी म्हणाले. "बाजरीला आले होते."

"आणि दुसरं?"

"गार आहे."

आई थांबली. ओढ्याच्या पलीकडे ओळीने लावलेली रोपं वाऱ्यात हलत होती, एकेका काठीला सुतळीने बांधलेली. तिने ती बघितली, मग स्वतःचे तळवे बघितले. मला वाटलं ती रडणार. मला तेव्हा ती रडायला हवी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलंच होतं, आणि ती रडली असती तर मी तिला पोटाशी धरलं असतं, आणि आम्ही दोघी उलट्या पावली वर गेलो असतो, हाताने ती जाळी उपटली असती. खरंच उपटली असती. मी वाट बघत होते.

आईने हात पैठणीला पुसले.

"तात्या उठले तेव्हा मी श्रीफळच घट्ट धरलं," ती म्हणाली. "म्हटलं, संपलं आता. आणि तू काय फिरवलंस गं वाक्य! मला नसतं जमलं." तिने खांद्यावरची शाल काढली, माझ्या खांद्यांवर घातली आणि पुढे दोन्ही टोकं नीट ओढून घेतली, थंडी असावी तशी.

"शहाणी झाली माझी मुलगी," ती म्हणाली.